शौचाच्या जागेची जुनी खाज: ओळखायची कशी, दाखवायची कुणाला, बरी करायची कशी

सर्दीचं औषध लिहून झालेलं असतं, पैसे देऊन झालेले असतात, पेशंट दारापर्यंत जातो आणि कडीला हात लावून थांबतो. "मॅडम, अजून एक विचारायचं होतं. बसायच्या जागी खाज येते. मूळव्याध असेल बहुतेक." पुण्यातल्या एका जुन्या पेठेत माझा दवाखाना आहे आणि हे वाक्य मला वरचेवर ऐकू येतं. परत खुर्चीत बसवून विचारलं की कळतं, खाज कालची नाही. वर्षाची आहे, कुणाची सहा वर्षांची. घरात नवऱ्याला किंवा बायकोलाही सांगितलेलं नसतं.

हा लेख त्या दारात थांबलेल्या माणसांसाठी आहे. गुदद्वाराभोवतीची कातडी ही कातडीच आहे. तिला इसब होतं, नायटा होतो, सोरायसिस होतो, साबणाची ॲलर्जी येते. हाताला झालं असतं तर चार दिवसांत दाखवलं असतं. तिथे झालं म्हणून माणसं वर्षानुवर्षं सोसतात, आणि सोसताना जे जे लावतात त्यानं मूळ दुखणं ओळखू येईनासं होतं.

एक चूक आधी सांगते, माझीच. दवाखाना सुरू करून दोन-तीन वर्षं झाली होती. चाळिशीतला एक गृहस्थ असाच दारातून वळून बोलला. बाहेर गर्दी होती, तोही लाजत होता, मी न तपासता मूळव्याधीची ट्यूब लिहून दिली. आठ महिन्यांनी तो परत आला तेव्हा पाहिलं. नितंबांपासून जांघेपर्यंत नायटा पसरला होता आणि मधली कातडी इतकी पातळ झाली होती की आतल्या बारीक शिरा दिसत होत्या. त्या ट्यूबमध्ये स्टिरॉइड होतं. खाज थांबायची, म्हणून तो ती आणत राहिला, आणि खाली बुरशी वाढत राहिली. तेव्हापासून ही तक्रार मी न बघता कधीच हातावेगळी करत नाही. तुमच्या डॉक्टरांनी न बघता औषध लिहिलं, तर "एकदा बघून घेता का?" असं तुम्हीच म्हणा.

आधी मूळव्याधीचा संशय पारखून घ्या

मूळव्याधीत मुख्यतः शौचाच्या वेळी रक्त पडतं किंवा कोंब बाहेर येतो. फिशर म्हणजे चीर. तिच्यात शौच करताना काच फिरल्यासारखं दुखतं आणि नंतरही तासभर ठणकतं. भगंदरात बाजूच्या छोट्या भोकातून पू किंवा पाणी येत राहतं. तुमची मुख्य तक्रार खाज, चुरचुर, ओलसरपणा किंवा रंग बदलणं अशी असेल, तर बहुतेक वेळा प्रश्न कातडीचा असतो. दोन्ही एकत्रही असतात. बाहेर येणाऱ्या कोंबामुळे जागा सतत ओली राहते आणि ओलीमुळे खाजते. म्हणून हा निवाडा घरी करायचा नाही, डॉक्टरांना नेमकं काय सांगायचं एवढंच ठरवायचं.

मग लावणं-चोळणं थांबवा

उपचारांत सगळ्यात जास्त फरक मला या पायरीनं पडलेला दिसतो, आणि लोकांना सगळ्यात कमी पटते ती हीच.

खाज आली की माणसाला वाटतं, आपण नीट स्वच्छ होत नाही. मग तो दिवसातून पाच वेळा साबणानं धुतो, जेट जोरात मारतो, आंघोळीच्या पाण्यात डेटॉल टाकतो, टॉवेलनं खसाखसा पुसतो. इथली कातडी नाजूक आहे. साबणानं तिच्यावरचा तेलकट थर निघून जातो, बारीक भेगा पडतात, त्यात मळाचा अंश आणि घाम झोंबतो, आणि खाज वाढते. ती वाढली की माणूस आणखी धुतो. डॉक्टर ज्याला प्रुरायटस ॲनाय म्हणतात, म्हणजे दुसरा कुठला रोग न सापडता राहणारी खाज, तिच्यामागे फार वेळा हेच चक्र असतं. पुरुषांमध्ये ती बायकांपेक्षा बरीच जास्त दिसते.

दोन आठवडे एवढंच करा. शौचानंतर साध्या किंवा कोमट पाण्यानं, हातानं हळू धुवा. जेट असेल तर धार मंद ठेवा आणि आत मारू नका. साबण, डेटॉल, सॅव्हलॉन, सुगंधी ओले टिश्यू, पावडर, सगळं बंद. ओल्या टिश्यूंमधल्या काही संरक्षक रसायनांची, विशेषतः मिथाइल-आयसोथायाझोलिनोनची, ॲलर्जी इथल्या इसबाचं चांगलंच माहीत असलेलं कारण आहे. मूळव्याधीच्या काही मलमांतल्या बधिर करणाऱ्या औषधांचीही ॲलर्जी येते. धुतल्यावर जुन्या मऊ सुती कापडानं टिपून घ्या, चोळू नका. मग झिंक ऑक्साइडचं साधं मलम किंवा व्हॅसलीन अगदी पातळ लावा. दिवसभर ओल राहत असेल तर कापसाचा बोराएवढा बोळा गुदद्वाराशी ठेवायचा आणि ओला झाला की बदलायचा. सांगताना संकोच वाटतो, पण दिवसभर खुर्चीवर बसणाऱ्यांना याचा फार उपयोग होतो.

घरगुती उपायांबद्दल स्पष्टच बोलते. लसणाचा रस, लिंबू, तुरटीचं घट्ट पाणी, कडुलिंबाचा वाटलेला पाला: हे सगळं लावून भाजलेली कातडी मी पाहिली आहे. खोबरेल तेल चालतं. बाकी नको.

एक सावधगिरी. स्टिरॉइडचं मलम तुम्ही महिनोन्‌महिने लावत असाल तर ते एकदम सोडल्यावर आग आणि लाली उसळते, आणि माणूस घाबरून पुन्हा तेच लावतो. असं मलम डॉक्टरांना दाखवून, त्यांच्या सल्ल्यानं सोडा. रिकामी ट्यूब फेकू नका, बरोबर आणा. "पांढरी-हिरवी होती, कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्यानं दिली" यावरून आम्हाला काही कळत नाही.

चार दिवस टिपून ठेवा

खाज कधी येते? रात्री झोप लागता लागता तीव्र होते, आणि घरात लहान मूलही खाजवतंय? मग जंतांचा विचार आधी. मादी जंत रात्री बाहेर येऊन गुदद्वाराभोवती अंडी घालतात. शौचानंतर जास्त होते का? पोट रोज नीट साफ होतं की पातळ, चिकट होतं आणि कितीही धुतलं तरी अंश राहतो? कॉफी, चहा, कोला, टोमॅटो, लिंबूवर्गीय फळं, तिखट, चॉकलेट, बिअर यांनी काहींना खाज वाढते. पुण्यात दिवसाला सहा कप चहा आणि रविवारी मिसळ सोडा म्हणणं सोपं नाही, हे मला कळतं. कायमचं सोडायला सांगतही नाही. दोन आठवडे बंद ठेवा, मग एकेक पदार्थ परत सुरू करा. ज्यानं त्रास होतो तो आपोआप सापडतो.

शरीरावर दुसरीकडेही बघा. डोक्यात कोंड्याचे जाड थर, कोपरावर खवले, नखांवर सुईनं टोचल्यासारखे खळगे असतील तर सोरायसिसचा संशय येतो. जांघेत किंवा कमरेवर कडा उठलेले गोल चट्टे असतील तर नायटा. पायांच्या बोटांच्या बेचक्यांतही बघा. आणि मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा. स्वतःला दिसत नाही अशी ही जागा आहे आणि डॉक्टरकडे जायच्या दिवशी ती नेमकी शांत असू शकते.

कुणाकडे जायचं

खाज आणि चट्टे असतील तर त्वचारोगतज्ज्ञ. रक्त, गाठ, पू किंवा तीव्र दुखणं असेल तर सर्जन. कळत नसेल तर तुमचा फॅमिली डॉक्टर, पण तपासणारा. खासगी फी परवडत नसेल तर पुणे स्टेशनजवळच्या ससून या सरकारी रुग्णालयात त्वचाविभाग आहे, पिंपरीत महापालिकेचं वायसीएम रुग्णालय आहे. सकाळी लवकर जाऊन केस पेपर काढायचा. जुने रिपोर्ट आणि सगळ्या ट्यूब पिशवीत. खिडकीवर "कशासाठी?" विचारलं तर "त्वचा" एवढं उत्तर पुरतं; रांगेत सगळ्यांसमोर जास्त बोलायची गरज नाही.

भिंतींवर आणि रिक्षांच्या मागे "मूळव्याध, भगंदर, एका भेटीत खात्रीशीर" अशा जाहिराती असतात. तिथे जाऊन क्षाराची पट्टी किंवा अनोळखी इंजेक्शन घेऊन जागा पोळलेली माणसं नंतर आमच्याकडे येतात. निदान झाल्याशिवाय कुणालाही तिथे काही टोचू किंवा जाळू देऊ नका.

तपासणी कशी असते? डाव्या कुशीवर झोपवतात, गुडघे पोटाशी घ्यायला सांगतात, उजेडात बाहेरची कातडी बघतात. पाच मिनिटं लागतात. गरज असेल तर हातमोजा घालून बोटानं आत तपासतात, तेही विचारून. तपासणीच्या वेळी खोलीत नर्स किंवा घरचं माणूस हवं असं सांगायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. बायकांनी स्त्री डॉक्टर मागायला मुळीच कचरू नये. त्या दिवशी मलम लावून जाऊ नका, नाहीतर बुरशीची तपासणी फसते.

डॉक्टर काय शोधत असतात

आपल्या सावळ्या कातडीवर लाली लाल दिसत नाही. ती काळपट, जांभळट दिसते, आणि म्हणून "काळं पडलंय फक्त" म्हणून दुर्लक्ष होतं.

पुण्यात सध्या मला सगळ्यात जास्त दिसतो तो बिघडलेला नायटा. जूनपासून कपडे वाळत नाहीत, ओलसर अंतर्वस्त्रं घालून माणसं रेनकोट चढवतात आणि रेक्झिनच्या सीटवर तासभर दुचाकी चालवतात. गणपतीआधी ढोलपथकाच्या सरावाला जाणारी मुलं-मुली नदीपात्रातून घामानं चिंब होऊन येतात आणि तशीच जीन्समध्ये बसतात. स्पर्धा परीक्षेची मुलं अभ्यासिकेत दहा-बारा तास प्लास्टिकच्या खुर्चीवर. बुरशीला आणखी काय हवं? त्यात मेडिकलमधून स्टिरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध एकत्र केलेली ट्यूब येते. स्टिरॉइडनं कडा पुसट होते आणि नायटा नायट्यासारखा दिसतच नाही. २०१८ साली केंद्र सरकारनं ३२८ मिश्र औषधांवर बंदी घातली, तिच्यात अशी काही मलमंही होती. तरी त्याच जातीच्या ट्यूब आजही माणसं घेऊन येतात. भारतात पसरलेल्या या बुरशीला २०२० मध्ये ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं नाव मिळालं. टर्बिनाफिन हे नेहमीचं औषध तिच्यावर अनेकदा चालत नाही. म्हणून "मागच्या वेळची गोळी परत घेतो" हे इथे उपयोगाचं नाही.

निदान सोपं आहे. चट्ट्याच्या कडेचा कोंडा बोथट पात्यानं खरवडून काचपट्टीवर घेतात, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे बघतात. दुखत नाही. खोलीत अंधार करून वुड्स दिवा (अतिनील किरणांचा दिवा) लावला आणि तपकिरी चट्टा पोवळ्यासारखा चमकला, तर ते एरिथ्रॅस्मा. तो जीवाणूंमुळे होतो आणि नायटा समजून त्याच्यावर महिनोन्‌महिने भलतेच उपचार चाललेले असतात. कँडिडाची बुरशी वेगळी: ओली लाल जागा, भोवती बारीक पुटकुळ्या. ती दिसली की रक्तातली साखर तपासतात. मधुमेह आहे हे या खाजेमुळेच पहिल्यांदा कळलेले पेशंट माझ्याकडे आहेत.

बरीच वर्षं खाजवलेली कातडी जाड, सुरकुतलेली, हत्तीच्या कातडीसारखी होते. सोरायसिस या घडीत खवल्यांशिवाय असतो, गुळगुळीत चकचकीत लाल, आणि नितंबांच्या मधोमध एक चीर.

एका विकाराकडे मला विशेष लक्ष वेधायचं आहे, कारण तो बायकांमध्ये जास्त होतो आणि बायकाच सगळ्यात उशिरा येतात. लायकेन स्क्लेरोसस. कातडी पांढरट, वाळलेल्या कांद्याच्या सालीसारखी पातळ होते, योनीमार्ग आणि गुदद्वार यांच्याभोवती इंग्रजी आठच्या आकड्यासारखी पसरते. प्रचंड खाज, शौचाला आणि संबंधाच्या वेळी दुखणं. घरात कुणीतरी "कोड आहे" म्हणतं आणि बाई गप्प बसते. ते कोड नाही, संसर्ग नाही, कुणाला लागत नाही. उपचार न केल्यास जागा आखडत जाते आणि थोड्या जणींमध्ये पुढे कर्करोग होऊ शकतो. गंमत अशी की ज्या तीव्र स्टिरॉइडला मी नायट्यात शत्रू म्हटलं, तेच इथे पहिलं औषध आहे, साधारण तीन महिने, डॉक्टर सांगतील त्या प्रमाणात. निदानावाचून मलम लावू नका, असं मी का म्हणते, त्याचं याहून चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही.

लहान मुलांत गुदद्वाराभोवती ठळक कडेची लालभडक जागा दिसली आणि मूल शौचाला रडत असेल, तर स्ट्रेप्टोकोकस जीवाणूंचा संसर्ग असू शकतो; स्वॅब, म्हणजे कापसाच्या काडीनं नमुना, घेतात; अँटिबायोटिकनं बरं होतं. जंतांसाठी सकाळी उठल्याबरोबर, धुण्याआधी, पारदर्शक चिकटपट्टी गुदद्वाराशी दाबून ती काचपट्टीवर चिकटवतात. तीन सकाळी केल्यास अंडी सापडण्याची शक्यता वाढते. कधी कातडी अगदी निरोगी असते आणि खाज कंबरेच्या मणक्यातून येणारी नस दबल्यामुळे असते.

आणि बायॉप्सी. नाव ऐकून घाबरू नका. जागा बधिर करून तीन-चार मिलिमीटरचा तुकडा काढतात, एखादा टाका पडतो. योग्य उपचार करूनही चार-सहा आठवड्यांत चट्टा हलत नसेल, तर बायॉप्सी करायलाच हवी, कारण बोवेनचा आजार आणि पॅजेटचा आजार हे कर्करोगाच्या जातीचे चट्टे हुबेहूब इसबासारखे दिसतात.

उपचार घेताना

सौम्य इसबाला एक टक्का हायड्रोकॉर्टिसोन दिवसातून दोनदा, एक ते दोन आठवडे, मग कमी करत बंद. खाज थांबली तरी पुढे चालू ठेवायचं नाही. जास्त दिवस उपचार लागणार असतील तर टॅक्रोलिमससारखं स्टिरॉइड नसलेलं मलम देतात; पहिले काही दिवस ते चुरचुरतं, हे माहीत नसल्यामुळे लोक सोडून देतात. रात्री नखं लागू नयेत म्हणून झोप आणणारी ॲलर्जीची गोळी काही दिवस देतात. ती घेतल्यावर गाडी चालवायची नाही. नखं कापा. झोपेत खाजवत असाल तर सुती हातमोजे घाला. कशानंच न थांबणाऱ्या खाजेसाठी अगदी सौम्य कॅप्सेसिन मलम किंवा मेथिलीन ब्लूचं इंजेक्शन असे उपाय तज्ज्ञांकडे आहेत. कॅप्सेसिन म्हणजे मिरचीतलंच द्रव्य. पण सांधेदुखीचं मलम घरून तिथे लावू नका, त्यात ते कितीतरी पट तीव्र असतं.

नायट्याच्या गोळ्या आठवडे चालतात, कधी महिने. चट्टा दिसेनासा झाला म्हणून बंद करू नका, डॉक्टर सांगतील तेव्हाच करा. घरात ज्याला ज्याला आहे त्या सगळ्यांनी एकाच वेळी उपचार घ्यायचे, टॉवेल वेगळे. जंतांची गोळी घरातल्या सगळ्यांनी घ्यायची आणि दोन आठवड्यांनी पुन्हा, कारण पहिल्या गोळीनं अंडी मरत नाहीत. गरोदर बाई किंवा दोन वर्षांखालचं बाळ असेल तर आधी विचारा. त्या दिवशी चादरी गरम पाण्यात धुवा.

पोटाकडे दुर्लक्ष केलं तर मलम टिकत नाही. शौच बांधून आणि मऊ झालं की पुसणं कमी लागतं. इसबगोल एक-दोन चमचे, पेलाभर पाण्यातून, रोज. ज्वारी-बाजरीची भाकरी, भाज्या, मोड आलेली कडधान्यं. संडासात मोबाइल घेऊन अर्धा तास बसू नका.

थांबू नका अशी लक्षणं

रक्त, हाताला लागणारी गाठ, न भरणारी जखम, वजन उतरणं, शौचाची सवय अचानक बदलणं, वारंवार पू येणारं भोक. शेवटच्या लक्षणात क्रोन्सचा आजार (आतड्यांना येणारी जुनाट सूज) आणि आपल्याकडे क्षयही मनात ठेवावा लागतो. ताप आणि एका बाजूला ठणकणारी सूज आली, विशेषतः मधुमेह असेल तर, सकाळची वाट न बघता त्याच रात्री हॉस्पिटलमध्ये जा.

पुन्हा उलटलं तर

हा त्रास पावसाळ्यात परत डोकं काढतो. तेव्हा जुनी ट्यूब शोधू नका. आधी पाण्यानं धुणं, टिपणं, झिंकचं मलम, आठवडाभर. अंतर्वस्त्रं सुती आणि सैल. ऊन नसेल तर उलटी करून इस्त्री फिरवा, शिवणीत ओल राहते. साबणाची पावडर कमी वापरून कपडे एकदा जास्त खळबळून काढा. भिजून घरी आलात की आधी कपडे बदला, चहा नंतर. अंथरुणाला खिळलेल्या आजी-आजोबांचं डायपर ओलं राहू देऊ नका आणि दर वेळी बदलताना झिंकचा थर द्या. लायकेन स्क्लेरोसस असलेल्यांनी खाज नसली तरी वर्षातून एकदा तरी दाखवायचं. आठवड्यात फरक पडला नाही तर परत या, आणि या वेळी खुर्चीत बसल्याबसल्या पहिलं वाक्य हेच बोला.